जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना: ४४.१ की ९६?

१९५५ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा त्यातली गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. घराघरांत पोचलेल्या रेकॉर्ड्स मात्र एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या. त्यामुळे रेडिओवरून पुढे कधी कोणी भरून घेतलेली एखादी कॅसेट माळ्यावर सापडली, तर तिची जागा दुकानातली सीडी घेऊ शकत नाही. फीत दर वर्षी थोडी खराब होते, चांगला डेक मिळणं अवघड. कॉम्प्युटरवर घेण्याची संधी बहुधा एकदाच. मग फॉरमॅट कोणता?

कॉम्प्युटर आवाज सलग साठवत नाही, ठरावीक अंतराने मोजून आकडे लिहून ठेवतो. सेकंदाला किती वेळा मोजलं, तो सॅम्पल रेट. एखादी कंपनसंख्या पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं (उतारवयात बरंच कमी), म्हणून सीडीसाठी ४४,१०० हा आकडा ठरला. ४०,००० च्या वर, पण इतका विचित्र का? सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. पडद्यावरच्या एका ओळीत ३ मोजमापं, एका फेरीत २४५ ओळी, सेकंदाला ६० फेऱ्या. गुणाकार करून बघा.

प्रत्येक मोजमाप किती बारीक, हे बिट्स सांगतात. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. कॅसेटची स्वतःची खरखर पाहता ऐकायला एवढं पुरून उरतं.

खरं नुकसान होतं ते एमपीथ्रीमध्ये. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात सुमारे ९५० एमबी होते, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ८६. कानाला जाणवणार नाही असं गणिताने ठरवलेलं सगळं गाळलेलं असतं. साध्या बोलण्यात फरक कळत नाही, पण भजनातले टाळ आणि टाळ्यांचा कडकडाट चिरडल्यासारखे होतात. अशा फाइलचं नंतर फ्लॅक केलं तरी गेलेलं परत येत नाही, फाइल फक्त फुगते. मूळ वेव्ह फाइलचं फ्लॅक करणं वेगळं: ते झिपसारखं आहे, आकार साधारण निम्मा होतो आणि एकही आकडा हरवत नाही.

जतनासाठी ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सुचवते, शक्य असेल तर ९६. घरी ४८/२४ घ्या: २४ बिटमुळे रेकॉर्डिंगची पातळी थोडी कमी ठेवता येते आणि तार सप्तकातली तान फाटत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायला त्यातून खुशाल एमपीथ्री काढा, मूळ फाइल मात्र दोन ठिकाणी ठेवा. ४४.१ ची फाइल कॉम्प्युटर ४८ वर वाजवतो म्हणून काळजी नको, आजच्या यंत्रणा ते नीट करतात. त्याऐवजी भरण्याआधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मळक्या हेडवरून गेलेला आवाज ९६ किलोहर्ट्झवरही मळकाच उतरतो.