सत्ता कुठे दिसते?

सत्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खुर्ची आणि व्यासपीठ येते. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी ती गटाराच्या काठावर दाखवली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे त्यांनी वर्षानुवर्षे काढली. शहर कोणाच्या कष्टावर चालते आणि हुकूम कोणाचा चालतो, हे त्यांतून कळते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उंचावरून टिपलेला माणूस लहान दिसतो, खालून टिपलेला मोठा, तर नजरेच्या पातळीवरून टिपलेला बरोबरीचा. म्हणजे कॅमेरा धरणाऱ्याच्या हातीही सत्ता असतेच. ती कशी वापरायची, हे त्याने ठरवायचे.

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये आला. तरीही गटारात गुदमरून होणारे मृत्यू थांबलेले नाहीत. म्हणून अशी छायाचित्रे आजही बोलतात.

रायापुरात पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशींचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हांलाही ठाऊक नव्हते. मुलांनो, मोबाईलवर फोटो काढण्याआधी नाव विचारा, परवानगी घ्या. पालकांनी आणि विश्वस्तांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा, ही नम्र विनंती.