मांद्रेची मात्रा कुठे गेली?

गेली काही वर्षे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील वाड्यांची नावे गोळा करून घेत आहे. गावाचे नाव कुठल्याही नकाशावर मिळते; वाड्याचे नाव मात्र पुष्कळदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच असते. मुले आजी-आजोबांना विचारतात आणि चिठ्ठीवर लिहून आणतात. कुठे 'वाडा' म्हणतात, कुठे 'वाडी', कुठे नुसतेच झाडाचे किंवा देवाचे नाव, हे पाहणे हा माझ्या हौसेचा भाग. यादी वाढली तेव्हा ही छाननी हाताने होईना. म्हणून पायथन या संगणकीय भाषेचा आणि तिच्या 'नमपाय' या लायब्ररीचा आधार घेतला. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांचे कपाट नव्हे, तर इतरांनी लिहून ठेवलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा तयार आज्ञांचा संच.

यादी छापायला देण्यापूर्वी मुद्रिते वाचताना डिचोलीचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या कुंभारवाड्याचा 'कुंभारवाड' झालाय." मला वाटले, टंकनातली चूक. पण पुढे 'ब्राह्मणवाडा'चा 'ब्राह्मणव' झालेला दिसला. 'गावकरवाडा' मात्र शाबूत, 'सुतारवाडा'ही शाबूत. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका अशा शिस्तीत होत नाहीत. चिठ्ठ्या काढून पाहिल्या, तर त्यांवर नावे पूर्ण होती. म्हणजे अक्षरे गळाली ती यंत्रात, आणि तीही एका शब्दाची सूचना न देता.

बिघाड शोधण्याची पहिली रीत म्हणजे तो जितका लहान करता येईल तितका करणे. शेकडो नावांच्या गर्दीत कारण सापडत नाही. मी तीनच नावे घेतली. 'पेडणे' आणि 'डिचोली' यांची एक यादी केली (नमपाय अशा यादीला 'ॲरे' म्हणते) आणि मग पहिल्या जागी 'पेडणे' काढून 'मांद्रे' ठेवले. यादी परत छापली तर 'मांद्र' आणि 'डिचोली'. शेवटची मात्रा गायब!

कानाने मोजले तर 'मांद्रे' हे तिघांत सर्वांत लहान नाव. मां-द्रे, दोनच अक्षरे. पे-ड-णे तीन, डि-चो-ली तीन. मग जागा अपुरी पडली ती नेमकी त्यालाच का? कारण संगणक आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. जगातील लिप्यांसाठी ठरवलेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. त्याला संकेतबिंदू म्हणू. 'पेडणे'त प, मात्रा, ड, ण, मात्रा असे पाच संकेतबिंदू होतात. 'डिचोली'त सहा. आणि 'मांद्रे'त म, काना, अनुस्वार, द, हलन्त, र, मात्रा असे सात! जोडाक्षरात न दिसणारा हलन्तही जागा अडवतो. लघु-गुरू मोजायला शिकवणाऱ्या मराठीच्या शिक्षकांना हे नवे वाटू नये. तेही कानाचे एक आणि वृत्ताचे दुसरे असे दोन हिशेब ठेवतातच. हा फक्त तिसरा हिशेब.

नमपायने 'पेडणे' आणि 'डिचोली' पाहून त्यांतील लांब नावाएवढी, म्हणजे सहा संकेतबिंदूंची रुंदी ठरवली आणि सगळे खण तेवढेच केले. सात संकेतबिंदूंचे नाव आल्यावर सहा ठेवले, सातवा टाकून दिला. माझ्या मोठ्या यादीतही हेच घडले होते. पहिल्या पानावरचे सर्वांत लांब नाव होते 'गावकरवाडा', नऊ संकेतबिंदूंचे. त्या रुंदीचे कोरे खण आखून मी पुढच्या पानांची नावे त्यांत भरत गेलो. सहा अक्षरांचा गावकरवाडा बसला आणि पाच अक्षरांचा कुंभारवाडा, दहा संकेतबिंदूंचा असल्यामुळे, कान्याला मुकला.

मराठी यादीत हे नुकसान साधे नाही. इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर गेले तर शब्द तुटल्याचे बहुधा लगेच दिसते. आपल्याकडे नामाचे लिंग शेवटच्या स्वरात असते. 'वाड' एवढेच उरले तर मूळ 'वाडा' होता की 'वाडी' हे सांगायला दुसरा पुरावा लागतो, आणि माझा सगळा अभ्यास त्या एका स्वरावर उभा होता.

रागाच्या भरात मी लायब्ररी घडवणाऱ्यांकडे तक्रार लिहायला घेतली. अशी तक्रार लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती मला फार आवडते: लायब्ररीची कितवी आवृत्ती वापरली, नेमक्या कोणत्या तीन-चार ओळी लिहिल्या, काय मिळायला हवे होते, काय मिळाले. विशेषणांना जागा नाही. विद्यार्थ्यांना निबंधाआधी हाच प्रकार लिहायला द्यावा असे मनात येते. पण पाठवण्याआधी जुन्या नोंदी चाळाव्यात हाही शिष्टाचार असतो, आणि चाळल्यावर कळले की हा बिघाडच नव्हता. ठरवून तसे केलेले होते आणि कागदोपत्री नमूदही होते. मीच वाचले नव्हते. तक्रार तशीच राहिली.

असे का ठरवले असेल? नमपायचा जन्म शब्दांसाठी झालेला नाही. १९९५ मध्ये जिम ह्युगुनिन यांनी 'न्यूमेरिक' ही लायब्ररी लिहिली. पुढे हबल दुर्बिणीचे काम पाहणाऱ्या अमेरिकी संस्थेतून 'नमअरे' ही दुसरी निघाली. दोन्हींचे वापरकर्ते वेगळे पडू लागले, तेव्हा ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी त्यांचा मिलाफ केला आणि २००६ मध्ये नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले चित्र तयार करण्याच्या कामातही ती होती. तिचा वेग येतो तो सारख्या खणांतून. प्रत्येक संख्येला समजा आठ बाइट जागा असेल, तर हजारावी संख्या कुठे आहे हे शोधावे लागत नाही; गुणाकार केला की पत्ता मिळतो. हीच रीत शब्दांना लावली आणि प्रत्येक संकेतबिंदूला चार बाइट दिले. दहा संकेतबिंदूंचा खण म्हणजे चाळीस बाइट, मग त्यात 'कुंभारवाडा' ठेवा नाहीतर तीन संकेतबिंदूंचे 'मये'. एकाला कात्री, दुसऱ्याच्या खणात रिकामी जागा.

हे दुखणे माझ्या एकट्याचे नव्हतेच. पुष्कळ जण खणात शब्दाऐवजी शब्दाचा पत्ता ठेवून वेळ मारून नेत होते. त्यात कात्री टळते, पण वेग जातो. मुक्त स्रोतातील लायब्ररीत असा मोठा बदल करायचा तर आधी प्रस्ताव लिहावा लागतो, तो सर्वांना वाचायला खुला असतो, हरकतींना लेखी उत्तरे द्यावी लागतात. नेथन गोल्डबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पंचावन्नव्या क्रमांकाचा प्रस्ताव असा चर्चेतून गेला आणि जून २०२४ मध्ये आलेल्या नमपायच्या दुसऱ्या महाआवृत्तीत, म्हणजे पहिलीनंतर जवळजवळ अठरा वर्षांनी, हव्या त्या लांबीचे शब्द ठेवणारा 'स्ट्रिंगडीटाइप' हा प्रकार मिळाला.

त्याची रचना गंमतीची आहे. नेहमीच्या संगणकावर प्रत्येक शब्दाला सोळा बाइटांचा खण मिळतो. शब्द पंधरा बाइटांपर्यंतचा असेल तर तो खणातच राहतो. मोठा असेल तर दुसरीकडे ठेवून खणात त्याचा पत्ता लिहितात. या प्रकारात देवनागरीचा एक संकेतबिंदू तीन बाइट घेतो. म्हणजे 'पेडणे' बरोबर पंधरा बाइट, जणू मापून शिवलेला. 'डिचोली' अठरा, त्याला बाहेर बिऱ्हाड करावे लागते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले नसते आणि आपण अजून 'पेडणें' लिहीत असतो, तर पेडण्यालाही आत जागा मिळाली नसती. (रोमी लिपीतल्या 'पेर्नेम'च्या शेवटी तो अनुनासिक 'म' होऊन अजून बसला आहे.)

नवा प्रकार आला म्हणून सगळे मिटले असे नाही. 'तऱ्हा' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र ऱ वापरून, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, नमपायला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. पायथनमध्येच मिळणारी प्रमाणीकरणाची सोय आधी चालवली तर पहिले दोन एक होतात. तिसरा स्वतःच बदलून घ्यावा लागतो. वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेले साहित्य एकत्र करणाऱ्या प्रत्येकाने, मोजणी सुरू करण्यापूर्वी, हे करावेच. शिवाय शब्दांची यादी आहे त्याच दिवशी एक प्रत वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये. मी मूळ फाइलवरच कापलेली यादी साठवली होती. ही चूक ना पायथनची, ना नमपायची. ज्यांना पायथनशी ओळख करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल'चे पाठ आहेत. त्यांतले अनेक मराठीतूनही ऐकता येतात.

चिठ्ठ्या होत्या म्हणून बहुतेक नावे परत उभी करता आली. डिचोलीचा कुंभारवाडा त्या मुलाने स्वतःच दुरुस्त केला. पेडणे तालुक्यातील एका गावचा 'कुंभारवाड' मात्र अडला. त्या गावच्या चिठ्ठ्या पावसात भिजून गेल्या होत्या आणि नाव सांगणारी आजी आता नाही. गावात दोघांना विचारले. एकाने ठामपणे 'वाडा' सांगितले, दुसऱ्याने तितक्याच ठामपणे 'वाडी'. छापील यादीत ते नाव सध्या प्रश्नचिन्हासह आहे.