निवड गाभण जाण्याआधीची

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून महामार्गाला लागलं, की भोसरी, मोशी मागे पडेपर्यंत कारखाने आणि इमारती सरत नाहीत. याच रस्त्यावर चाकणला दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि तिथे चांगल्या खिल्लार जातीच्या खोंडाभोवती आजही गर्दी होते. औत ट्रॅक्टरने केव्हाच नेलं. या पट्ट्यात खिल्लार टिकला तो बहुतेक घाटातल्या, म्हणजे धावपट्टीवरच्या, बैलगाडा शर्यतींमुळे. चार-पाच जनावरं बाळगणाऱ्या कुटुंबाला खिल्लार पाळून खात्रीचे पैसे कसे मिळतील, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जात टिकणार की नाही हे अशाच कुटुंबांच्या गोठ्यात ठरतं.

ज्या देशांत मांसासाठी गाई पाळतात, तिथल्या छोट्या शेतकऱ्याचा हिशोब सरळ असतो. उत्तम कालवडी पैदाशीला ठेवायच्या, एखादा गोऱ्हा वळू म्हणून विकायचा आणि उरलेली जनावरं कसायाला द्यायची. निवडीत नापास झालेलं जनावरही पैसे देऊन जातं. महाराष्ट्रात गाय आणि वासरांच्या कत्तलीला 1976च्या कायद्याने बंदी आली. मार्च 2015पासून वळू आणि बैलही त्यात आले. म्हशी-रेडे मात्र बंदीबाहेर राहिले. या बंदीमुळे आपल्याकडे सुमार निघालेला खोंड पुढची कित्येक वर्षं दावणीला चारा खातो. काढून टाकायची सोय नसेल तर निवड जन्मानंतर करून भागत नाही. निवड गाय गाभण जाण्याआधीच करावी लागते.

खिल्लार ही मुळात माणदेशाची जात. सातारा, सांगली, सोलापूर आणि पलीकडे विजापूर, बेळगाव हा तिचा मुलूख. आटपाडी महाल, म्हसवड, तापी असे तिचे प्रकार सांगतात. दुष्काळी माळावर कमी चाऱ्यात तग धरणारा, चपळ, कणखर खुरांचा बैल माणदेशातल्या पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवला. त्या निवडीत दूध मागे पडलं. एका वेताला पाचशे किलोच्या आसपास दूध म्हणजे खिल्लार गाईने बरंच दिलं म्हणायचं. पुणे जिल्ह्यातले शौकीन आजही खरसुंडी, पुसेगाव, सांगोल्याच्या बाजारातून आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेले, खोंड आणतात. म्हणजे पैदाशीचा पैसा तिकडे जातो आणि सांभाळण्याचा खर्च इकडे होतो. गाय इथेच राखली, तर तो पैसा इथल्याच दावणीला राहील.

पण एकट्या शर्यतीवर भिस्त ठेवली तर काय होतं, ते या भागाने सोसलं आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. 2017मध्ये राज्याने कायदा बदलला, तरी घाट बंदच राहिले. 16 डिसेंबर 2021ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं पळणाऱ्या बैलाला घाटच नव्हता. एवढ्या काळात वासराचा बैल होतो आणि त्याचं ऐन पळायचं वयही सरत येतं.

यातून मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते: लक्ष बैलाकडून गाईकडे वळवा. पळणाऱ्या बैलाचं कौतुक होतं, त्याच्या आईची कुठे नोंद नसते. गाय कधी माजावर आली, कोणत्या वळूने फळवली, कधी व्याली, दूध किती दिवस दिलं, वासरू अंगाने कसं निघालं, एवढं साध्या वहीत लिहिलं तरी तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत कोणती गाय राखायची ते कळतं. जी वेळेवर गाभण राहते, वासराला पाजून घरापुरतं दूध देते आणि जिचे खोंड पायाने चांगले निघतात, तिच्याच कालवडी ठेवाव्यात. मग आदत खोंडाची विक्री, नोंदीसह कालवडीची विक्री, वळूची फी, थोडं तूप आणि शेणखत अशा वाटा एकाच दावणीतून निघतात. खेड तालुक्यातल्या कांदा-बटाट्याला शेणखत लागतंच. जोडीला एखादी म्हैस असली तर रोजचं दूध डेअरीला जातं. ज्या गाईचे खोंड चांगले निघत नाहीत, तिला लिंगनिश्चित रेतमात्रा वापरता येते. अशा मात्रेने साधारण नव्वद टक्के कालवडी होतात आणि नको असलेल्या खोंडाचा भार टळतो. अशी रेतमात्रा हव्या त्या जातीची मिळते का, ते पशुवैद्यकाला आधी विचारावं. 30 सप्टेंबर 2024ला राज्याने देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गाईमागे रोज पन्नास रुपयांचं अनुदान दिलं, ते मात्र गोशाळांसाठी. घरच्या गोठ्याला त्याचा आधार नाही.

शर्यतींमुळे आलेला एक धोका कमी बोलला जातो. घाटात नाव काढलेल्या वळूकडे सगळ्या गावांच्या गाई जातात. तीन वर्षांत त्याच्या कालवडी माजावर येतात आणि नोंद नसल्याने पुन्हा त्याच्याकडेच नेल्या जातात. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण पंचवीस टक्के असतं. पुढे गाई उशिरा गाभण राहतात, वासरं अशक्त निघतात. शेजारच्या गावांनी आपापसांत ठरवून दर तीन वर्षांनी वळू बदलून घेतला, तर हे सहज टळतं. बदल्यात आलेल्या वळूची आई कोण, तिने किती वेतं दिली, हे मात्र त्याच्याबरोबर लेखी यायला हवं.