बचावकार्य आणि अपघातोत्तर दायित्व

अपघात, आग, पूर किंवा अन्य आपत्तीच्या प्रसंगी मदतीस धावलेल्या व्यक्तीवर, आपत्कालीन सेवेवर अथवा स्थानिक शासनसंस्थेवर नुकसानभरपाईची जी कायदेशीर जबाबदारी येऊ शकते, तिला बचावकार्यातील दायित्व असे म्हणतात. हा विषय मुख्यतः अपकृत्य कायद्याच्या कक्षेत येतो. मदत करण्यात चूक झाली, मदत उशिरा पोहोचली किंवा धोका दूर करण्याचे काम शासनसंस्थेने केलेच नाही, अशा तीन प्रकारच्या तक्रारींतून हे दावे उद्भवतात. मूळ अपघातास दुसरेच कोणी कारणीभूत असते, त्यामुळे बचावकर्त्याच्या वाट्याला त्या हानीपैकी किती भाग यावा, हा या दाव्यांतील मध्यवर्ती प्रश्न असतो.

मूलभूत तत्त्वे

इंग्लंडमधील सामान्य विधीच्या परंपरेत अनोळखी माणसाला वाचवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य मानलेले नाही. उत्तम पोहणाऱ्या माणसाने काठावर उभे राहून दुसऱ्याला बुडताना पाहिले, तरी केवळ तेवढ्यावरून त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. पालक व मूल, नियोक्ता व कर्मचारी, नौकेचा चालक व प्रवासी अशा विशेष नात्यांना मात्र हा नियम लागू होत नाही. ज्याने स्वतःच्या कृतीने धोका निर्माण केला, त्याच्यावरही मदतीचे कर्तव्य येऊ शकते.

मदत सुरू केल्यानंतर स्थिती बदलते. बचावकर्त्याने आपल्या निष्काळजीपणाने आपद्ग्रस्ताची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट केली, किंवा त्याच्या आश्वासनावर विसंबून इतरांनी मदतीचे दुसरे मार्ग सोडून दिले, तर दायित्व निर्माण होऊ शकते. मात्र निष्काळजीपणाचे मोजमाप करताना न्यायालये प्रसंगाची निकड विचारात घेतात. क्षणार्धात घेतलेला निर्णय नंतर चुकीचा ठरला, एवढ्यावरून तो निष्काळजीपणा ठरत नाही.

याच तत्त्वाची दुसरी बाजू म्हणजे बचावकर्त्याला मिळणारे संरक्षण. अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९२१ साली वॅग्नर विरुद्ध इंटरनॅशनल रेल्वे कंपनी या खटल्यात असे ठरवले की, ज्याच्या निष्काळजीपणामुळे एखाद्याचा जीव धोक्यात येतो, तो त्या जिवाला वाचवायला जाणाऱ्याच्या इजेसही जबाबदार असू शकतो. गाडीतून फेकल्या गेलेल्या आपल्या नात्यातील भावाचा शोध अंधारात पुलावरून घेताना या खटल्यातील वादी स्वतः खाली पडला होता. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हा निकाल लिहिला. संकटाच्या पाठोपाठ मदतीला धावणे हे माणसाच्या स्वभावातच असल्याने ते पूर्वकल्पनेच्या बाहेरचे मानता येत नाही, असा त्याचा आशय होता.

खासगी बचावकर्त्यांवरील दावे

कॅनडातील 'ओगोपोगो' या नौकेचा खटला विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो. मे १९६६ मध्ये ऑन्टारिओ सरोवरात या नौकेवरील एक प्रवासी थंड पाण्यात पडला. नौका वळवून तिचे अग्र बुडणाऱ्याच्या दिशेने नेणे ही शिफारस केलेली पद्धत होती. नौकेच्या मालकाने तसे न करता नौका मागे घेतली. मदत होत नाही असे पाहून दुसऱ्या एका प्रवाशाने पाण्यात उडी घेतली. दोघांचाही मृत्यू झाला. उडी घेणाऱ्याच्या कुटुंबीयांनी केलेला दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली फेटाळला. नौकेवरून पडलेल्या प्रवाशाला वाचवण्याचे कर्तव्य चालकावर असते हे न्यायालयाने मान्य केले. तथापि, त्या क्षणी झालेली चूक ही निर्णयातील चूक होती, निष्काळजीपणा नव्हता, असे मत बहुमताने नोंदवले.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९५९ साली आपत्प्रसंगी विनामूल्य उपचार करणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला. अशा कायद्यांना बायबलमधील दयाळू वाटसरूच्या कथेवरून 'गुड समॅरिटन' कायदे असे नाव पडले. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले आणि संरक्षणाची व्याप्ती सामान्य नागरिकांपर्यंत वाढली. ही व्याप्ती नेमकी किती, हे कॅलिफोर्नियातीलच एका खटल्याने तपासले. २००४ साली तेथे एक मोटार दिव्याच्या खांबावर आदळली. मागच्या गाडीतील सहकारी महिलेने मोटार पेट घेईल या भीतीने जखमी महिलेला बाहेर ओढले. जखमी महिलेला पुढे पक्षाघात झाला. ओढण्याच्या पद्धतीमुळे मणक्याची इजा वाढली, असा तिचा दावा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी असे ठरवले की, कायद्याचे संरक्षण केवळ वैद्यकीय मदतीस आहे. जखमीला गाडीतून बाहेर काढणे हे वैद्यकीय मदतीत मोडत नसल्याने दावा पुढे चालू शकतो, असा याचा अर्थ होता. या निकालामुळे नागरिक मदत करण्यास कचरतील, अशी चिंता व्यक्त झाली आणि २००९ साली विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून वैद्यकेतर मदतीसही संरक्षण दिले. घोर निष्काळजीपणा व हेतुपुरस्सर गैरवर्तन मात्र संरक्षणाबाहेर ठेवले.

युरोप खंडातील अनेक देशांनी उलट मार्ग स्वीकारला आहे. फ्रान्स व जर्मनीत स्वतःस धोका नसताना संकटग्रस्तास मदत न करणे हा दंडनीय अपराध आहे. त्याच वेळी जर्मनीच्या दिवाणी संहितेनुसार तातडीचा धोका टाळण्यासाठी मदत करणारा माणूस केवळ हेतुपुरस्सर कृत्य किंवा घोर निष्काळजीपणा यांसाठीच जबाबदार ठरतो. मदतीची सक्ती करणाऱ्या कायद्याने मदत करणाऱ्याला अभयही दिले आहे.

चीनमध्ये २००६ साली नानजिंग शहरात बसथांब्यावर पडलेल्या वृद्ध महिलेला रुग्णालयात नेणाऱ्या तरुणावर तिने दावा केला. धक्का दिला नसता तर त्याने एवढी मदत केली नसती, असा तर्क मांडत न्यायालयाने २००७ साली त्याला नुकसानीचा ४० टक्के भाग देण्यास सांगितले. धक्का लागल्याचे त्या तरुणाने मान्य केले होते, असे वृत्त २०१२ साली प्रसिद्ध झाले. परंतु तोवर 'मदत कराल तर अडकाल' हा समज देशभर रुजला होता. २०११ साली फोशान शहरात वाहनाखाली सापडलेल्या दोन वर्षांच्या मुलीजवळून अठरा जण न थांबता निघून गेल्याचे चित्रण उजेडात आले, तेव्हा या समजाची मोठी चर्चा झाली. २०१७ साली स्वेच्छेने आपत्कालीन मदत करणाऱ्यास दिवाणी दायित्वातून मुक्त करणारे कलम चीनच्या कायद्यात आले आणि पुढे ते दिवाणी संहितेत कायम राहिले.

आपत्कालीन सेवांवरील दावे

इंग्लंडमध्ये अग्निशमन सेवेच्या दायित्वाचा प्रश्न अपील न्यायालयाने १९९७ साली एकत्रित सुनावणीत हाताळला. या निकालातील प्रकरणांची तुलना उद्बोधक आहे.

पहिल्या प्रकरणात हॅम्पशायर परगण्यातील बेसिंगस्टोक येथे कार्यालयाच्या इमारतीस आग लागली असता अग्निशमन अधिकाऱ्याने छतातील स्वयंचलित जलफवारे बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर आग अनावर होऊन इमारत भस्मसात झाली. दुसऱ्या प्रकरणात लंडनमधील जवान शेजारच्या जागेत धुमसणारे अवशेष आहेत का हे न तपासता परतले व तेथे नंतर आग भडकली. तिसऱ्यात वेस्ट यॉर्कशायरमधील एका प्रार्थनामंदिराच्या आगीच्या वेळी आसपासचे अनेक अग्निजलस्तंभ निकामी निघाले.

यांपैकी केवळ पहिल्या प्रकरणात दायित्व मान्य झाले, कारण तेथे अधिकाऱ्याच्या कृतीने हानी वाढली होती. उर्वरित दोन प्रकरणांत सेवेने परिस्थिती सुधारली नाही, पण बिघडवलीही नाही. आगीची सूचना मिळाल्यावर येण्याचे वा आग विझवण्याचे खासगी कायद्यातील कर्तव्य अग्निशमन दलावर नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी तटरक्षक सेवेलाही हाच नियम लागू झाला. १९९३ साली लाइम उपसागरात चार किशोरवयीन विद्यार्थ्यांचा कयाक-सफरीत मृत्यू झाला होता. सफर आयोजित करणाऱ्या कंपनीने भरपाईचा काही भार तटरक्षक सेवेने उचलावा, अशी मागणी केली. ती अमान्य झाली.

रुग्णवाहिकेबाबत मात्र २००० साली वेगळा निकाल लागला. दम्याचा तीव्र झटका आलेल्या गर्भवती रुग्णासाठी तिच्या डॉक्टरने रुग्णवाहिका बोलावली. सुमारे साडेसहा मैलांचे अंतर कापण्यास तिला ४० मिनिटे लागली. वेळेची नोंदही खोटी करण्यात आल्याचे आढळले. रुग्णाचा श्वास बंद पडून मेंदूस इजा झाली. उशीर होणार हे सांगितले असते तर रुग्णाला मोटारीने रुग्णालयात पाठवले असते, अशी साक्ष डॉक्टरने दिली. न्यायालयाने रुग्णवाहिका सेवेला जबाबदार धरले. दूरध्वनी स्वीकारून रुग्णवाहिका विशिष्ट रुग्णासाठी निघाली की कर्तव्य निर्माण होते, तसेच ही सेवा पोलीस वा अग्निशमन दलापेक्षा रुग्णालयाच्या सेवेस अधिक जवळची आहे, अशी कारणे देण्यात आली.

स्थानिक शासनाचे दायित्व

कायद्याने दिलेला अधिकार आणि कायद्याने लादलेले कर्तव्य यांतील भेद हा या भागातील कळीचा मुद्दा आहे. १९३६ साली इंग्लंडच्या ईस्ट सफोक भागात समुद्राच्या भरतीने संरक्षक बांध फुटला. नदी मंडळाने दुरुस्ती हाती घेतली, पण ती इतक्या अकुशलतेने केली की जमीन १७८ दिवस पाण्याखाली राहिली. योग्य कौशल्याने हे काम १४ दिवसांत झाले असते. तरीही १९४० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. बांध दुरुस्त करणे हा मंडळाचा ऐच्छिक अधिकार होता आणि नुकसान निसर्गाने केले होते, असे बहुमताचे म्हणणे होते. लॉर्ड ॲटकिन यांनी भिन्न मत नोंदवले.

अमेरिकेत 'सार्वजनिक कर्तव्याचा सिद्धान्त' अनेक राज्यांत लागू आहे. पोलीस व अग्निशमन सेवेचे कर्तव्य संपूर्ण समाजाप्रती असते, कोणा एका व्यक्तीप्रती नव्हे, असे हा सिद्धान्त मानतो. शासन व पीडित यांच्यात 'विशेष नाते' जुळल्यास त्यास अपवाद होतो. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९८७ साली त्यासाठी चार कसोट्या सांगितल्या: शासनाने शब्दाने वा कृतीने जबाबदारी स्वीकारणे, कृती न केल्यास हानी होईल याची त्याला जाणीव असणे, पीडिताशी प्रत्यक्ष संपर्क असणे आणि पीडिताने त्या आश्वासनावर रास्तपणे विसंबणे.

भारतातील स्थिती

भारतात रस्त्यावरील जखमीला मदत करणाऱ्यास प्रत्यक्ष दाव्यापेक्षा पोलीस चौकशी, साक्षीसाठी वारंवार हेलपाटे आणि रुग्णालयातील अडवणूक यांची भीती अधिक राहिली आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असे स्पष्ट केले की, जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी औपचारिकतेसाठी उपचार थांबवता येत नाहीत. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४ अ समाविष्ट झाले. सद्भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याच्या अपेक्षेविना मदत करणाऱ्या परोपकारी व्यक्तीवर, मदत करताना झालेल्या निष्काळजीपणामुळे जखमीला इजा वा मृत्यू आला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असे हे कलम सांगते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ७३ नुसार शासन व अधिकाऱ्यांच्या सद्भावपूर्वक कृतींनाही संरक्षण आहे.

स्थानिक संस्थांबाबतचे निकाल एकसारखे नाहीत. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळमनोरा कोसळून झालेल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली महानगरपालिकेला जबाबदार धरले. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता, तर त्या प्रकारच्या बांधकामाचे आयुष्य ४० ते ४५ वर्षेच होते. मनोरा पालिकेच्याच ताब्यात असल्याने निष्काळजीपणा घटनेवरूनच सिद्ध होतो, असे न्यायालयाने मानले. याउलट, १९७५ साली राजकोट येथे रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात १९९७ साली पालिकेचे दायित्व नाकारण्यात आले. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जण मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली चित्रपटगृहाचे मालक व वीज मंडळ यांच्यावर ८५ व १५ टक्के या प्रमाणात भरपाईचा भार कायम ठेवला, पण महानगरपालिका व परवाना देणारे पोलीस प्रशासन यांना त्यातून वगळले.

महाराष्ट्रात दावा दाखल करण्याची मुदतही महत्त्वाची ठरते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ५२७ नुसार अधिनियमाखालील कृती वा कसुरीबद्दल दावा करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. इतर महानगरपालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमातही कलम ४८७ मध्ये अशीच तरतूद आहे. अपघातातून सावरणाऱ्या कुटुंबास ही मुदत अपुरी पडू शकते. दिवाणी दाव्याखेरीज राज्यघटनेच्या कलम २१ व २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उपलब्ध आहे. खड्डे व उघड्या मॅनहोलविषयी स्वतःहून दाखल केलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने सुस्थितीतील रस्ते हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले.

मतभेद

दायित्व मर्यादित ठेवण्याच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. दाव्याच्या धास्तीने बचावकर्ते कचरतात किंवा अति सावध होतात, भरपाईची रक्कम अखेर करदात्यांच्या पैशातून व सेवेच्याच अंदाजपत्रकातून जाते आणि अपुऱ्या साधनांचे वाटप कसे करावे हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही, असे ते आहेत.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, डॉक्टर रोजच तातडीचे निर्णय घेतात व तरीही निष्काळजीपणाबद्दल उत्तरदायी असतात, मग इतर प्रशिक्षित सेवांना वेगळा न्याय का असावा? दावा चालला नाही तर चूक नेमकी कोठे झाली हे पीडिताच्या कुटुंबाला कळण्याचा मार्गही अनेकदा बंद होतो. शिवाय पूर्ण संरक्षणामुळे सारा भार सर्वांत दुर्बळ घटकावर, म्हणजे अपघातग्रस्तावर पडतो. या दोन बाजूंचा मेळ घालण्यासाठी साध्या चुकीला अभय व घोर निष्काळजीपणाला उत्तरदायित्व ही विभागणी अनेक कायद्यांनी स्वीकारली आहे. दोहोंमधील रेषा मात्र प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरूनच ठरते.

हेही पहा

अपकृत्य कायदा
निष्काळजीपणा (कायदा)
जनहित याचिका
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५