उंदरांच्या खाद्यातील सोयापेंड : औषधचाचणीचा दुर्लक्षित दुवा

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे औषधे तयार होतात; धार-देवासची काळी जमीन सोयाबीन पिकवते. या दोन उद्योगांना जोडणारा एक दुवा म्हणजे प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांचा आहार. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते बहुधा उंदरांवर पारखले जाते आणि त्यांच्या खाद्यात सोयापेंड हा प्रथिनांचा महत्त्वाचा स्रोत असतो.

उंदराची मादी सुमारे २० दिवसांत विते. पिले साधारण २१ दिवसांची झाली की त्यांना आईपासून वेगळे करतात. अंगावर पाजताना मादीची भूक दुपटीहून अधिक होते. म्हणून प्रजननासाठी पाळलेल्या माद्यांना खाद्य मोजून न देता ते सदैव उपलब्ध ठेवतात. त्यात सुमारे १८ टक्के प्रथिने आवश्यक मानली जातात. आहार अपुरा पडल्यास दूध घटते आणि पिलांची वाढ खुंटते.

सोयाबीन मात्र कच्चे चालत नाही. त्यातील प्रथिनांचे पचन रोखणारा घटक पुरेशा उष्णतेने निष्प्रभ होतो. आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये मात्र टिकतात. त्यांचा परिणाम काहीसा स्त्री-संप्रेरकासारखा असल्याने संप्रेरकांवरील प्रयोगांत सोयाविरहित खाद्य वापरणे इष्ट ठरते. खाद्य बदलले तर निष्कर्षही बदलू शकतो. त्यामुळे औषधाइतकीच खाद्याचीही नोंद काटेकोर हवी.