उंबरठ्यावरचा वर्णद्वेष

वर्णद्वेष म्हणजे कातडीचा रंग, चेहरेपट्टी किंवा मूळ मुलूख पाहून माणसाची लायकी आणि नियत ठरवून टाकणे, आणि मग त्या निवाड्याप्रमाणे त्याला वागवणे. हा शब्द कानावर पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिका किंवा अमेरिका उभी राहते. गोव्याला मात्र त्यासाठी इतक्या दूर जावे लागत नाही. या भूमीने साडेचार शतके परक्या सत्तेकडून रंगावरून हिणवणे सोसले. त्याच काळात तिच्या भर बाजारात आफ्रिकेतून आणलेली माणसे विकली गेली. आणि आजही इथे खोली भाड्याने देताना समोरच्याचा रंग पाहिला जातो. एकाच समाजाने वर्णद्वेष सोसलेला असतो आणि तोच समाज तो दुसऱ्यावर लादतही असतो, हे गोव्याच्या इतिहासाइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

शास्त्र काय सांगते

माणसाच्या कातडीला रंग येतो तो मेलॅनिन या द्रव्यामुळे. प्रखर उन्हाच्या प्रदेशात हजारो वर्षे राहिलेल्या लोकांच्या त्वचेत ते अधिक असते, कारण सूर्याच्या अतिनील किरणांपासून ते शरीराचे रक्षण करते. जिथे ऊन कोवळे, तिथे फिकट त्वचा फायद्याची ठरते, कारण तिच्यातून ‘ड’ जीवनसत्त्व तयार व्हायला पुरेशी किरणे आत शिरतात. रंगाचा संबंध ऊन-सावलीशी आहे. बुद्धी, प्रामाणिकपणा किंवा कष्टाळूपणा यांच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

कोणतीही दोन माणसे घेतली तरी त्यांचे जनुकसंच सुमारे 99.9 टक्के सारखे निघतात. रिचर्ड लेवोन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने 1972 मध्ये दाखवून दिले, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी जवळपास 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत आढळतात. शास्त्राचा कौल इतका स्वच्छ असूनही वर्णद्वेष टिकला, कारण त्याचा पाया शास्त्रात कधी नव्हताच. गुलामांचा व्यापार आणि वसाहतींची लूट सुरू होती. ती योग्य ठरवण्यासाठी ‘ही माणसे मुळातच खालच्या दर्जाची’ हा सिद्धांत रचला गेला.

गोव्याने पाहिलेली उतरंड

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. यान ह्यूयगेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 ते 1588 या काळात आर्चबिशपच्या पदरी गोव्यात होता. शहराच्या मुख्य रस्त्यावर घोडे आणि इतर मालाबरोबर गुलाम बाया-पुरुषांचाही लिलाव होत असे, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. या गुलामांत मोझांबिकहून आणलेले आफ्रिकन मोठ्या संख्येने होते. गोव्यातून निसटलेल्या अशा काही लोकांनी दक्षिणेकडच्या जंगलांचा आसरा घेतला. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात राहणाऱ्या सिद्दींपैकी अनेकांचे मूळ तिथपर्यंत जाते. त्या जिल्ह्यातल्या सिद्दींचा 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला.

गुलामांच्या वरच्या पायऱ्याही रक्ताच्या हिशेबाने लावलेल्या होत्या. पोर्तुगालमध्ये जन्मलेला गोरा सर्वांत वर, गोव्यात जन्मलेला गोरा त्याच्या खाली, मिश्र रक्ताचा आणखी खाली आणि बाटलेला स्थानिक त्याच्याही खाली. धर्म बदलला तरी रंग बदलत नव्हता, आणि दर्जा रंगावरच ठरत होता.

दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांचे आयुष्य या उतरंडीवर चांगलाच प्रकाश टाकते. ब्राह्मण घराण्यातल्या या ख्रिस्ती तरुणाला गोव्यात पाद्री होऊ दिले नाही. तो रोमला गेला, तिथे शिकला, पाद्री झाला आणि 1637 मध्ये बिशपही झाला. तरीही गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्याचा अधिकार मानला नाही. शेवटी या बिशपने आपले ठाणे मांडले ते पोर्तुगीज हद्दीबाहेर, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत. तिथूनच त्याने 1653 मध्ये गोव्यातल्या ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याचे आवाहन करणारा ग्रंथ लिहिला. मात्र हे आवाहन ब्राह्मणांपुरतेच होते. खालच्या मानल्या गेलेल्या जातींना त्या समतेत जागा नव्हती. अन्याय सोसणाराही स्वतःच्या पायाखालची पायरी सहसा सोडत नाही, हा धडा त्यात आहे.

पुढे लिस्बनमध्ये मार्केस द पोंबाल सत्तेवर असताना 1761 मध्ये एक फर्मान निघाले. आशियातल्या ख्रिस्ती प्रजाजनांना गोऱ्या पोर्तुगीजांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला आणि त्यांना रंगावरून किंवा मिश्र रक्तावरून अपमानास्पद नावाने हाक मारणे हा गुन्हा ठरला. कागदावर काळाच्या पुष्कळ पुढे असलेल्या या फर्मानात दोन उणिवा होत्या. ते बाप्तिस्मा न घेतलेल्यांना लागू नव्हते, आणि अंमलबजावणी ज्यांच्या हातात होती त्यांनाच ते नको होते. वरच्या जागा गोऱ्यांकडेच राहिल्या. या असंतोषातून 1787 मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती उठावाचा कट शिजला. तो फुटला आणि पुढच्या वर्षी पंधरा जणांना पणजीत देहदंड दिला गेला. 1835 मध्ये बेर्नार्दू पेरिश द सिल्व्हा हे गोव्याचे पहिले स्थानिक प्रशासक झाले, पण गोऱ्या आणि मिश्र रक्ताच्या लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून अवघ्या सतरा दिवसांत त्यांना खाली खेचले. नुसता कायदा आला म्हणून उतरंड मोडत नाही, हे गोव्याने फार पूर्वी पाहिले आहे.

पर्रा आणि पर्वरी, 2013

ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस बार्देशातल्या पर्रा गावी एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ शववाहिका अडवली, मृतदेह महामार्गावर ठेवला आणि वाहतूक रोखून धरली. खुनाचा नीट तपास व्हावा आणि आपल्या दूतावासाच्या अधिकाऱ्यांनी यावे, ही त्यांची मागणी होती. रस्ता अडवल्याने लोक संतापले, मारहाण झाली आणि पन्नासहून अधिक नायजेरियनांना अटक झाली.

त्यानंतर जे घडले ते अधिक गंभीर होते. नायजेरियनांना आणि अमली पदार्थांना एकाच दमात ‘नको’ म्हणणारे फलक गोव्यात लागले. त्यांना खोल्या भाड्याने देऊ नयेत, असे सांगितले जाऊ लागले. राज्याच्या एका मंत्र्याने त्यांची तुलना कर्करोगाशी केली आणि टीका झाल्यावर माफी मागितली. खून झालेला माणूस आणि त्याला मारणारे बाजूलाच राहिले, चर्चा सुरू झाली ती एका अख्ख्या देशाच्या लोकांच्या लायकीची.

वर्णद्वेषाची खूण नेमकी इथे पटते. गोव्यातल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत भारतीय, युरोपीय, रशियन, नायजेरियन अशा सगळ्यांनाच आजवर अटक झालेली आहे. भारतीय पकडला तर तो ‘एक गुन्हेगार’ असतो. आफ्रिकन पकडला की ‘हे लोक असलेच’ असे म्हटले जाते. एकाचा दोष सगळ्यांच्या माथी मारणे आणि चांगुलपणा मात्र अपवाद मानणे, ही वर्णद्वेषाची कायमची रीत आहे. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, व्हिसा संपलेल्याला परत पाठवावे, यात वर्णद्वेष नाही. तो नियम रंग पाहून लावला जातो, तेव्हा वर्णद्वेष सुरू होतो.

खोली आहे का?

हा भेद सर्वांत जवळून दिसतो तो भाड्याच्या खोलीच्या दारात. फोनवर खोली रिकामी असते, भाडे ठरते, अनामत रक्कमही ठरते. काळ्या कातडीचा माणूस दारात उभा राहिला की तीच खोली ‘कालच दिली’ असे उत्तर मिळते. कोणी ओरडत नाही, शिवी देत नाही. दार हळूच लागते. ज्याच्या तोंडावर ते महिन्यात चार वेळा लागते, त्याला दुप्पट भाडे भरून कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत राहावे लागते, आणि मग ‘हे लोक असेच राहतात’ असा शेराही त्याच्यावरच मारला जातो. पेडणे तालुक्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन भाषेत मेनूकार्डे छापली जातात. पाहुणा परदेशी आहे ही अडचण नसते, तो कुठल्या रंगाचा आहे यावर स्वागत ठरते.

घरातही या रंगभेदाची मुळे आहेत. वधू-वरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द अजून पात्रतेच्या जागी येतो. बाळ जन्मले की नाक कुणाचे याबरोबर रंग कुणाचा हेही विचारले जाते. 1975 मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 मध्ये नावातला गोरेपणा काढला, पण तो घराघरांतल्या बोलण्यातून निघालेला नाही. ज्या मुलीला घरातच ‘काळी’ म्हणून हिणवले गेले आणि ज्या मुलाने ते हसत ऐकले, ती दोघे वर्णद्वेषाचा पहिला धडा तिथेच गिरवतात.

देशातच परके

ईशान्य भारतातले हजारो तरुण देशभर हॉटेलांत, दुकानांत, इस्पितळांत काम करतात. त्यांना ‘चिंकी’, ‘नेपाळी’ म्हणणे अनेकांना निव्वळ थट्टा वाटते. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या रूपाची टिंगल झाली, भांडण झाले, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि वांशिक अपमान व हल्ल्यांसाठी कायद्यात स्वतंत्र कलमे घालण्याची शिफारस केली. ती कलमे अजून झालेली नाहीत. 2020 मध्ये कोविडच्या साथीत याच लोकांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या.

गोव्यात घाटापलीकडून आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणून हिणवतात, त्यात मराठी बोलणारेही आले. तो वर्णद्वेष नव्हे, पण जन्मस्थानावरून माणूस मोजण्याची सवय तीच. जातीचा प्रश्नही वेगळा असला तरी त्याचे वर्णद्वेषाशी नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी 1946 च्या सुमारास कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. जगाच्या दोन टोकांवरच्या अन्यायाचे साम्य मराठी विचाराने लवकर ओळखले होते.

कायद्याचा आधार

संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून नागरिकांत भेद करण्यास राज्याला मनाई केली आहे. 14 व्या आणि 21 व्या अनुच्छेदांतले समानतेचे आणि जीविताचे संरक्षण तर भारतात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, म्हणजे परदेशी माणसालाही, मिळते. वांशिक भेदभावाविरुद्धचा 1965 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1968 मध्ये मान्य केला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे 196 वे कलम वंश, धर्म, भाषा अशा कारणांवरून वैर पसरवणे हा गुन्हा ठरवते. वंश किंवा जातीसारख्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने केलेल्या खुनाला 103 व्या कलमात जन्मठेप किंवा मृत्युदंड आहे. घर नाकारणारा खाजगी मालक मात्र या कलमांत सहसा सापडत नाही. ती उणीव समाजालाच भरून काढावी लागते.

प्रत्येकाच्या हातातले काम

पहिले काम साक्षीदाराचे. बसमध्ये, वर्गात किंवा हॉटेलात कोणाचा रंगावरून अपमान होत असेल, तर अपमान करणाऱ्याशी हुज्जत घालण्याआधी ज्याचा अपमान झाला त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे आणि त्याच्याशी बोलावे. तो एकटा नाही हे दिसले की प्रकरण बहुधा निवळते. धोका वाटला तर 112 वर फोन करावा. वेळ, जागा आणि उच्चारलेले शब्द लिहून ठेवावेत, तक्रार करताना तेच उपयोगी पडतात. त्रास झालेल्याला विचारल्याशिवाय चित्रफीत पसरवू नये.

शाळेत ‘काळ्या’, ‘चिंकी’ अशी टोपणनावे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी थांबवावीत. गुलामांच्या बाजाराचा, मातेउस द कास्त्रोंचा आणि सिद्दींचा इतिहास गोव्यातल्या मुलांना पोर्तुगीज चर्चच्या स्थापत्याबरोबरच शिकवावा. मलिक अंबरला मराठी मुले निजामशाहीचा वजीर म्हणून ओळखतात. तो इथिओपियातून गुलाम म्हणून आला होता आणि त्याच्या गनिमी काव्याने मोगल जेरीस आले होते, हेही त्यांना कळावे.

घरमालकांसाठी सरळ मार्ग आहे. ओळखपत्र, करारनामा, पोलिसांकडची भाडेकरू नोंद, आणि परदेशी माणूस असेल तर 24 तासांच्या आत भरायचा परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म, हे सगळ्यांना सारखे लावावे. कागद पुरे असतील तर खोली द्यावी, नसतील तर गोऱ्यालाही देऊ नये. वृत्तपत्रांनी एखाद्या आरोपीचे राष्ट्रीयत्व मथळ्यात टाकण्यापूर्वी, हाच गुन्हा दुसऱ्या देशाच्या माणसाने केला असता तर तसे केले असते का, हे तपासावे. आणि पंचायतीसमोर एखाद्या देशाच्या सर्व लोकांना गावबंदी करणारा ठराव आला, तर ग्रामसभेतल्या एका सदस्याने उठून विचारावे, की नेमका गुन्हा काय, तो कोणी केला, आणि बाकीच्यांनी काय केले. त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ठराव मागे घेणे हाच योग्य निर्णय.