‘वेडाचा दाखला’ मिळाला की आरोपी सुटतो का?
खून झाला की पारावर हमखास ऐकू येतं, ‘वेडाचा दाखला काढंल अन् सुटंल.’ एवढं सोपं नाही. सरकारी मानसोपचारतज्ज्ञ आरोपीला तपासतात, उपचाराचे जुने कागद बघतात. प्रश्न दोन असतात. आज त्याला खटला समजतो का? नसेल तर खटला थांबतो, मिटत नाही. दुसरा, गुन्हा करताना आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? आजारामुळे कळत नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे तो गुन्हा ठरत नाही. पण ते सिद्ध आरोपीनेच करायचं. स्वतःहून दारू पिल्याची सबब चालत नाही.

सुटला तरी तो आपोआप घरी येत नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवतं, नाहीतर हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात देतं.

घरात कुणावर मानसिक उपचार चालू असतील तर केसपेपर जपून ठेवा. मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.